प्रेरणा पुरे, तारीख सांगा

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या २०२४ च्या नागरी सेवा परीक्षेला ९,९२,५९९ जणांनी अर्ज केले. पूर्वपरीक्षेला प्रत्यक्ष बसले ५,८३,२१३. त्यांतले १४,६२७ मुख्य परीक्षेला पात्र ठरले, २,८४५ मुलाखतीपर्यंत गेले आणि २२ एप्रिल २०२५ च्या अंतिम यादीत १,००९ नावे आली. पहिल्या दोन आकड्यांतला चार लाखांहून मोठा फरक मार्गदर्शन मेळाव्यांत फार आवडीने सांगितला जातो. निम्मी गर्दी तर परीक्षेच्या गेटापर्यंतही येत नाही, म्हणजे तुमच्यात जिद्द असेल तर अर्धी लढाई तुम्ही जिंकलीच, असा त्याचा अर्थ लावतात. मग ती जिद्द पुरवायला व्याख्याने, रील, क्लासच्या भिंतीवरची वाक्ये हे सगळे ओघाने येते. पण हा अर्थ आयोगाच्या नियमांशी ताडून पाहिला तर टिकत नाही. अर्जाची फी शंभर रुपये, आणि महिला, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांग उमेदवारांना तीही माफ. अटेम्प्ट मोजला जातो तो अर्ज भरला म्हणून नाही, पूर्वपरीक्षेचा एक तरी पेपर दिला म्हणून. खुल्या गटाला ३२ व्या वर्षापर्यंत सहा अटेम्प्ट असतात. तयारी कच्ची आहे हे कळल्यावर जो पूर्वपरीक्षेच्या रविवारी घरी बसतो, तो एक अटेम्प्ट राखतो. हौसेने अर्ज भरणारे असतीलच. पण या चार लाखांतल्या बऱ्याच जणांनी जिद्द सोडलेली नसते, त्यांनी हिशेब केलेला असतो.

जिद्द किती चिवट असते याचा एक पुरावा तामिळनाडूत आहे. २००१ ते २००६ या काळात तिथल्या सरकारने खर्च आवरण्यासाठी बहुतेक पदांची भरतीच थांबवली. कुणाल मंगल या अर्थशास्त्रज्ञाने त्या काळाचा अभ्यास केला. जागा निघत नाहीत म्हटल्यावर पदवीधर तरुण दुसऱ्या नोकऱ्यांकडे वळतील, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. झाले उलटेच. पदवीधर तरुण अधिक काळ बेरोजगार राहून अभ्यासच करत राहिले, आणि पुढे दहाएक वर्षांनीसुद्धा त्यांच्या पिढीची कमाई त्यामुळे मागे पडलेली दिसली. जागाच नसताना जी टिकते, ती इच्छा तुटपुंजी कशी म्हणायची? आपल्याकडे ‘प्रेरणा कशी टिकवावी’ हा प्रश्न उमेदवाराच्या मनातला दोष समजून विचारला जातो. माझ्या मते तो चुकीच्या जागी विचारला जातो. इच्छा भरपूर आहे. कमी पडते ती मर्यादा: हे किती वर्षे करायचे, त्यासोबत आणखी काय करायचे आणि कोणत्या तारखेला थांबायचे याची आधीच आखलेली रेघ. ती रेघ असली की रोजचा अभ्यास हलका होतो. नसली की चांगला हुशार मुलगाही तिसऱ्या-चौथ्या वर्षी अभ्यासिकेत पुस्तक उघडून नुसता बसून राहतो.

मन खचते ते मेहनतीने क्वचितच, अनिश्चिततेने खचते. राज्यसेवेचे उदाहरण ताजे आहे. महाराष्ट्र लोकसेवा आयोगाची २०२४ ची संयुक्त पूर्वपरीक्षा आधी २८ एप्रिलला होती, मग ६ जुलैला, मग २५ ऑगस्टला, आणि अखेर झाली १ डिसेंबरला. सात महिने प्रत्येक उमेदवार ‘शेवटची रिव्हिजन’ करत होता. त्याआधी, २०२० ची पूर्वपरीक्षा एप्रिल २०२० ऐवजी २१ मार्च २०२१ ला झाली. त्यातही १४ मार्चची तारीख ११ मार्चला रद्द केल्यावर पुण्यात मुले रस्त्यावर उतरली तेव्हा कुठे आठवड्याभरात परीक्षा झाली. त्याच वर्षीच्या जूनअखेर, पूर्व आणि मुख्य दोन्ही परीक्षा उत्तीर्ण होऊन मुलाखतीची वाट पाहत बसलेल्या पुण्यातल्या एका तरुणाने आयुष्य संपवले. आयोगातल्या सदस्यांच्या बहुतेक जागा तेव्हा रिकाम्या होत्या. अशा व्यवस्थेत उमेदवाराला ‘सकारात्मक राहा’ असे सांगणे क्रूरपणाचे आहे. कोणी लगेच म्हणेल की ऑगस्ट २०२४ मध्ये परीक्षा पुढे ढकला ही मागणी उमेदवारांचीच होती. खरे आहे. पण का होती? त्याच दिवशी बँकांच्या लिपिक पदाची आयबीपीएसची परीक्षा होती, आणि कृषी सेवेच्या जागा त्या जाहिरातीत घेतलेल्या नव्हत्या. दोन परीक्षा एका दिवशी येतात तेव्हा दोन्हींची तयारी करणारा शहाणा उमेदवारच कोंडीत सापडतो. एकाच परीक्षेवर सगळे लावून बसलेल्याला त्या दिवशी काहीच अडचण नव्हती.

तो दोन्हींची तयारी करणारा उमेदवार हा मुंबईच्या या भागाचा, गिरगावापासून परळ-लालबागपर्यंतच्या पट्ट्याचा, जुना ओळखीचा माणूस आहे. सध्या त्याची पत घसरलेली आहे. पुण्याच्या पेठांत खोली घेऊन किंवा दिल्लीच्या राजेंद्रनगरात जाऊन ‘फुलटाइम’ बसतो तो गंभीर, आणि फोर्टातल्या एखाद्या कचेरीतून साडेपाचला सुटून दादरच्या अभ्यासिकेत सातला हजर होणारा अर्ध्या मनाचा, असे समजतात. या समजुतीला इतिहासाचा आधार नाही. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग काढली, तिने गिरणगावात रात्रशाळा आणि वाचनालये चालवली ती दिवसा कामावर जाणाऱ्यांसाठीच. १८९८ मध्ये सुरू झालेले मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय असो की चाळीचाळींतली मोफत वाचनालये, त्यांच्या वाचकवर्गात मोठा भाग नोकरदारांचा होता. १९७० च्या दशकात शिवसेनेच्या स्थानीय लोकाधिकार समितीने बँका, विमा कंपन्या आणि एअर इंडियासारख्या ठिकाणी मराठी मुलांच्या भरतीसाठी लढे दिले, तेव्हा परीक्षांचे मार्गदर्शन हाही त्या कामाचा भाग होता. त्यामागच्या राजकारणाबद्दल मतभेद असू शकतात. पण लेखी परीक्षा ही तयारी करून देण्याची गोष्ट आहे हे या भागातल्या पिढीला त्यातून कळले. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि घराघरातला पगार थांबला, तेव्हा तर पाच वर्षे नुसता अभ्यास करणारा मुलगा पोसणे कोणाला शक्यच नव्हते. ‘आधी कुठेतरी चिकट, मग पुढचे बघ’ हा सल्ला त्या खोल्यांमधून निघाला. मंत्रालयात लिपिक म्हणून लागायचे, तिथून सहायक कक्ष अधिकाऱ्याची परीक्षा द्यायची, जमले तर राज्यसेवा. एकेक पायरी पायाखाली घट्ट झाल्यावर पुढची.

हा सल्ला भेकड वाटतो, कारण त्यात पराक्रमाची गोष्ट नाही. पण मन टिकवण्याच्या दृष्टीने त्यात तीन गोष्टी आपोआप सांभाळल्या जातात. नोकरी असली की घरात आणि जिन्यावर ‘काय रे, निकाल लागला का?’ हा प्रश्न कमी टोचतो. महिन्याला पगार येतो, म्हणून एक पेपर बिघडला तर सगळे आयुष्य बिघडले असे वाटत नाही. आणि वेळ थोडाच असल्यामुळे तो वाया घालवता येत नाही. रात्री सात ते अकरा एवढेच चार तास हातात असणारा माणूस काय वाचायचे यापेक्षा काय सोडायचे हे लवकर शिकतो. नागरी सेवेची मुख्य परीक्षा नऊ पेपरांची. त्यांतले सात मिळून १,७५० गुण, आणि मुलाखत २७५ गुणांची. या परीक्षेचा अभ्यासक्रम कधी ‘संपत’ नाही. ज्याच्याकडे दिवसाचे चौदा तास आहेत त्याला तो संपेल असा भास होतो, आणि त्या भासातच दोन वर्षे जातात.

यावरचा पहिला आक्षेप उघड आहे: पूर्णवेळ बसल्याशिवाय ही परीक्षा निघत नाही. पूर्वपरीक्षेत जेमतेम चाळिसात एक पार होतो, तिथे चार तासांच्या अभ्यासाने काय होणार? मुख्य परीक्षेच्या आधीचे काही महिने रजा काढून, प्रसंगी नोकरी सोडून पूर्णवेळ द्यावे लागतात, हे मला मान्य आहे. पण ते काही महिने आणि पाच-सहा वर्षे यांत फरक आहे. शिवाय अंतिम यादीत दरवर्षी असे अनेक जण असतात जे आधीच महसूल सेवेत, रेल्वेत, पोलिसांत किंवा राज्यात उपजिल्हाधिकारी म्हणून काम करत असतात आणि वरची सेवा मिळावी म्हणून पुन्हा परीक्षा देतात. हे इतके घडते की सेवेत आल्यावर पुन्हा परीक्षेला कोणी बसावे याबद्दल आयोगाच्या नियमावलीत स्वतंत्र बंधने आहेत. नोकरी करत तयारी होते याचा यापेक्षा सरकारी पुरावा कोणता हवा?

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि प्रेरणेचे व्याख्याते तो नेमका हेरतात: दोर कापल्याशिवाय माणूस लढत नाही. सिंहगडाचा दाखला मराठी श्रोत्याला लगेच भिडतो. याला संशोधनाचाही थोडा आधार आहे. जिहे शिन आणि कॅथरीन मिल्कमन या अभ्यासकांनी २०१६ मध्ये दाखवले की काम सुरू करण्यापूर्वी ‘हे नाही जमले तर दुसरे काय’ याचा विचार करायला लावलेल्यांची कामगिरी खालावते, कारण मूळ ध्येयाची ओढच कमी होते. हा निष्कर्ष टाळून पुढे जाता येणार नाही. पण त्यांचे प्रयोग काय होते तेही पाहावे: विस्कटलेले शब्द जुळवून वाक्ये करायची, बक्षीस म्हणजे थोडा खाऊ किंवा लवकर सुटका. काही मिनिटांच्या कामात पर्यायाचा विचार लक्ष विचलित करतो, हे पटते. २३ व्या वर्षी सुरू होऊन तिशी ओलांडणाऱ्या प्रवासात पर्याय नसणे काय करते, हे त्या प्रयोगातून कळत नाही. ते तामिळनाडूतून कळते. आणि दोर कापण्याची गोष्ट एका रात्रीच्या लढाईची आहे. सहा वर्षे दोर कापून गडावर बसून राहिल्याची बखर कोणी लिहिलेली नाही. प्रयोगातून घेण्यासारखे एक आहे: पर्याय रोज आठवत बसू नये. तो एकदा ठरवावा, तारखेसकट कागदावर लिहावा आणि त्या तारखेपर्यंत बाजूला ठेवावा. हे म्हणजे मर्यादाच.

व्याख्यात्यांचा उल्लेख आलाच आहे, तर एक स्पष्ट केले पाहिजे. विश्वास नांगरे पाटील यांचे ‘मन में है विश्वास’ वाचून किंवा महाराष्ट्र केडरचे अधिकारी मनोजकुमार शर्मा यांच्या आयुष्यावरचा ‘ट्वेल्थ फेल’ हा २०२३ चा चित्रपट पाहून कोणी अभ्यासाला लागत असेल, तर त्यात वाईट काही नाही. सुरुवात करायला अशा गोष्टी लागतात. अडचण त्या खोट्या आहेत ही नाही. त्या एका बाजूच्या आहेत. दादरच्या एखाद्या नाट्यगृहातल्या सत्कार समारंभात व्यासपीठावर येतो तो १,००९ पैकी एक. मुलाखत देऊन परतलेले १,८३६ जण प्रेक्षागृहात असतील, त्यांच्या हाती कोणी माइक देत नाही. त्यांनीही तितकीच वर्षे, कदाचित तितकीच जिद्द घातलेली असते. यशस्वी माणसांच्या सवयी गोळा करून यशाचे सूत्र काढले की ते सूत्र अपयशी ठरलेल्यांनाही लागू होते हे लक्षातच येत नाही. क्लासवाल्यांना हे चांगले ठाऊक आहे. नुसते मुलाखतीचे मोफत मार्गदर्शन घेतलेल्या उमेदवारांना आपले पूर्ण विद्यार्थी म्हणून जाहिरातीत मिरवल्याबद्दल केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने कित्येक संस्थांना दंड केला, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अशा जाहिरातींसाठी मार्गदर्शक तत्त्वेच काढावी लागली.

रोजच्या पातळीवर मन कसे टिकते याबद्दल मात्र फार गूढ काही नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांच्या सवयींचा मागोवा घेतला, त्यात एखादी कृती अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले. पण कोणाला १८ दिवस, तर कोणाला तब्बल २५४ लागतील असा त्यांचा अंदाज निघाला. मधला एखादा दिवस चुकला तर फारसे बिघडत नाही, हेही त्यांना दिसले. लालबागच्या उमेदवाराला हे कळणे महत्त्वाचे. २०२४ मध्ये गणेशोत्सव ७ ते १७ सप्टेंबरला होता आणि नागरी सेवेची मुख्य परीक्षा २० तारखेला सुरू झाली. २०२५ मध्ये तर २२, २३, २४ ऑगस्टला निबंध आणि सामान्य अध्ययनाचे पेपर, २७ ला गणेश चतुर्थी, ३० ला भाषेचे आणि ३१ ला वैकल्पिक विषयाचे. ज्या गल्लीत त्या दिवसांत पाऊल ठेवायला जागा नसते तिथे ‘सण विसरा, ध्येय पाहा’ हा उपदेश फोल आहे. मंडळेही आता हे जाणतात. लालबागच्या राजाचे मंडळ साने गुरुजींच्या नावाची अभ्यासिका चालवते ती उगाच नाही. बीडीडी चाळीतल्या १६० चौरस फुटांच्या खोलीत अभ्यास होणे अवघड, म्हणून अभ्यासिकेतली ठरलेली खुर्ची, ठरलेली वेळ आणि शेजारी बसणारी दोन ओळखीची माणसे यांची किंमत व्याख्यानापेक्षा कितीतरी जास्त आहे. रोज दोन उत्तरे लिहून दुसऱ्याकडून तपासून घेणारा उमेदवार आपण कुठे आहोत हे जाणून असतो. नुसत्या नोट्स काढणाऱ्याला ते निकालाच्या दिवशी कळते.

सर्वांत अवघड आक्षेप शेवटी घेतो, कारण त्याला माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. मर्यादा घालून घ्या हे सांगणे पोट भरलेल्यांना सोपे आहे; ज्याच्या घरात दुसरा आधार नाही, ज्याला जातीमुळे खाजगी नोकरीत दारे अर्धीच उघडतात, त्याच्यासाठी ही परीक्षा हीच एक शिडी आहे, त्याला तुम्ही थांबायला सांगणार? सरकारने अटेम्प्ट कापावेत असे मी म्हणत नाही. अनुसूचित जाती-जमातींना केंद्रात ३७ व्या वर्षापर्यंत अटेम्प्टची मर्यादा नाही, ती सवलत योग्यच आहे. राज्य आयोगाने २०२० च्या अखेरीस घातलेली अटेम्प्टची मर्यादा पुढे मागे घेतली, तेही बरे झाले. पण वर्षे वाया जाण्याचा भुर्दंड याच घरांना सर्वांत जास्त बसतो. वडिलोपार्जित दुकान असलेला मुलगा तिसाव्या वर्षी गल्ल्यावर बसू शकतो. ज्याच्याकडे दुकान नाही त्याला तिसाव्या वर्षी कोरा बायोडेटा घेऊन फिरावे लागते. म्हणून मर्यादेचे ओझे एकट्या उमेदवारावर टाकून भागणार नाही. थांबला तर उभे राहायला जागा असली पाहिजे, आणि ती करून देण्याचे काम ज्यांनी त्याला या वाटेवर पाठवले त्या सरकारी संस्थांचे आहे.

छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोरची राज्य प्रशासकीय व्यवसाय शिक्षण संस्था, तसेच बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था प्रशिक्षण आणि विद्यावेतन देतात. निवड झालेल्यांच्या याद्या त्या अभिमानाने छापतात. बाकीचे पाच वर्षांनी कुठे आहेत, किती जण कोणत्या कामाला लागले, हेही त्यांनी दरवर्षी छापावे. प्रवेश घेणाऱ्याला आपली तारीख ठरवायला त्या आकड्यांइतकी मदत कशाचीच होणार नाही. केंद्रीय आयोगाने मुलाखतीपर्यंत जाऊन निवड न झालेल्यांची माहिती नोकरी देणाऱ्यांसमोर ठेवणारी ‘प्रतिभा सेतू’ योजना २०२५ मध्ये नव्याने आणली, ती पहिली पायरी म्हणून ठीक. पण मुख्य परीक्षेत अडकलेल्या अकरा-बारा हजारांचा त्यात विचार नाही. राज्यात हे करायला मुंबई महापालिकेपासून सुरुवात करता येईल. २०२४ मध्ये महापालिकेने कार्यकारी सहायकांच्या १,८४६ जागांची जाहिरात काढली तेव्हा दहावी आणि पदवी पहिल्याच प्रयत्नात उत्तीर्ण झालेले हवेत अशी अट घातली होती, आणि विरोध झाल्यावर ती काढावी लागली. पुढच्या जाहिरातीत आयोगाच्या मुख्य परीक्षेचे गुणपत्रक ग्राह्य धरण्याची तरतूद करावी, आणि ती जाहिरात कधी निघेल त्याची तारीख वर्षभर आधी सांगावी.